घरात कोणी नसताना मोशन सेन्सर बोंबलतोय, बदलून घेऊ का?

झोपमोड:
मंडळी जरा मदत करा, डोकं फिरायची वेळ आलीय. घरी वायरलेस अलार्म सिस्टिम आहे, एक पॅनल, दारं-खिडक्यांना मॅग्नेटवाले सेन्सर आणि दोन मोशन सेन्सर, एक हॉलमध्ये एक पॅसेजमध्ये. दारा-खिडक्यांवाले गुमान काम करतात, पण हे मोशनवाले दोघं मनात येईल तेव्हा सायरन वाजवतात. दुपारी ऑफिसात असताना ॲपवर नोटिफिकेशन येतं, धावतपळत येऊन बघावं तर घरात चिटपाखरू नाही. रात्री पॅसेजचा चालू ठेवून झोपतो तर तो पहाटे उठवतो. शेजाऱ्यांना इतकी सवय झालीय की आता सायरन वाजला तरी कोणी खिडकीतून डोकावत पण नाही, म्हणजे उद्या खराच चोर आला तर आनंदच आहे. इन्स्टॉलरला बोलावलं तर तो आला, सेन्सिटिव्हिटी हायवरून लोवर केली आणि गेला. फरक एवढाच पडला की आता मी स्वतः हॉलमधून गेलो तरी कधी कधी पकडत नाही आणि दुपारचा अलार्म मात्र वाजतोच! घरात मांजर आहे, पण बॉक्सवर पेट इम्यून (म्हणजे पाळीव प्राण्याला वाजणार नाही) २५ किलोपर्यंत असं लिहिलंय आणि आमची मांजर ५ किलोची पण नाही. सेन्सर खराब आहेत का? दुसऱ्या कंपनीचे घेऊ का?

लॉगवाला:
थांबा, लगेच काही विकत घेऊ नका. आधी पॅनलचा इव्हेंट लॉग काढा आणि नीट बघा की तिथे मोशन लिहिलंय की टॅम्पर (सेन्सरशी छेडछाड) की लो बॅटरी, कारण सायरन तिन्हीला वाजू शकतो आणि आपण उगाच मोशनच्या नावानं खडे फोडत बसतो. कव्हर नीट बसलं नसेल तर टॅम्पर येतो, त्यात सेन्सिटिव्हिटी कमी करून काय होणार. मग वेळा बघा. रोज त्याच सुमाराला वाजत असेल तर ऊन, टायमरवर चालू होणारा एसी किंवा हीटर, रोबोट व्हॅक्यूम असलं काहीतरी. वेळेचा ताळमेळच नसेल तर प्राणी, किडा, नाहीतर बॅटरी. आणि सेन्सर कुठल्या भिंतीवर आहे, समोर काय आहे तेही सांगा.

झोपमोड:
लॉग बघितला, सगळीकडे मोशनच आहे. हॉलचा साधारण ३ ते साडेचारच्या मधे वाजतो, आणि आता तुम्ही म्हणताय म्हणून लक्षात आलं की पूर्ण ढगाळ दिवशी तो गप्प असतो. पॅसेजच्या वेळेला काही धरबंद नाही. हॉलचा सेन्सर बाल्कनीच्या काचेच्या दाराच्या बरोब्बर समोर आहे, मधे सोफा, दाराला पडदा. पॅसेजचा पुस्तकांच्या रॅकच्या वरच्या बाजूला भिंतीवर.

जुना टेक्निशियन:
हॉलचं उत्तर तुम्हीच दिलंत की राव. पण का होतं ते समजून घ्या म्हणजे पुढच्या वेळी इन्स्टॉलर गंडवणार नाही. तुमचे मोशन सेन्सर म्हणजे पीआयआर, पॅसिव्ह इन्फ्रारेड. पीआयआर सेन्सर माणूस बघत नाही, तो उष्णता बदललेली बघतो. पुढची जी खाचांची पांढरी लेन्स असते ती खोलीला जाफरीसारखं पट्ट्यापट्ट्यांत वाटते आणि आतल्या पायरोइलेक्ट्रिक (उष्णता बदलली की सिग्नल देणाऱ्या) सेन्सरचे दोन भाग एकमेकांच्या उलट जोडलेले असतात. सगळी खोली हळूहळू तापली तर दोन्हीवर सारखाच परिणाम होऊन हिशोब शून्य. पण गरम वस्तू एका पट्टीतून दुसरीत सरकली की आधी एक भाग मग दुसरा, तो फरक म्हणजे मोशन. माणसाच्या अंगातून निघणारं इन्फ्रारेड साधारण ८ ते १४ मायक्रॉनच्या टप्प्यात असतं, सेन्सरपुढचा फिल्टर तेवढंच आत सोडायला बघतो.

आता लोक म्हणतात की काचेतून हे इन्फ्रारेड जात नाही मग उन्हाचा काय संबंध. बरोबर आहे, काचेपलीकडून माणूस गेला तर तो दिसणार नाही. पण ऊन काचेतून येऊन तुमचा सोफा आणि पडदा तापवतं ना! तापलेला पडदा एसीच्या झोताने हलला की सेन्सरच्या हिशोबाने काहीतरी गरम इकडून तिकडे गेलं. ढगाआड ऊन गेलं आणि झटकन परत आलं तरी तेच. त्यात दुपारी खोलीचं तापमान अंगाच्या तापमानाच्या जवळ गेलं की माणूस आणि भिंत यातला फरकच कमी होतो, म्हणून बरेच सेन्सर तेव्हा आपणहून जास्त तिखट होतात, त्याला टेंपरेचर कॉम्पेन्सेशन म्हणतात. म्हणजे तुम्ही सेटिंग लो केलं तरी भर दुपारी तो आतून वाढवणारच.

उपाय: सेन्सर काचेच्या दाराच्याच भिंतीवर न्या, म्हणजे दाराकडे त्याची पाठ होईल आणि तो खोलीच्या आत बघेल. उंची मॅन्युअलमध्ये दिलेली असते तीच ठेवा, बहुतेकांची २.१ ते २.४ मीटर. एसीचा झोत सेन्सरच्या तोंडावर नको. आणि जागा अशी बघा की येणारा माणूस सेन्सरच्या समोरून आडवा जाईल, सरळ सेन्सरच्या दिशेने चालत आलेला माणूस हा सेन्सर सगळ्यात उशिरा पकडतो. तुम्ही स्वतः सापडत नव्हतात त्यात याचाही हात असेल. नंतर सेन्सिटिव्हिटी परत मीडियमला आणा, लो ठेवून झोपणं म्हणजे कुत्रा पाळून त्याला बांधून ठेवणं.

ड्युअल घ्या:
एवढा खटाटोप कशाला, ड्युअल टेक सेन्सर घ्या, पीआयआर आणि मायक्रोवेव्ह (रडारसारखा, लहरी सोडून हालचाल पकडणारा) दोन्ही एकदम पेटले तरच अलार्म. उन्हाने मायक्रोवेव्हला काही फरक पडत नाही. विषय संपला.

जुना टेक्निशियन:
विषय संपत नाही हो. मायक्रोवेव्ह पातळ पार्टिशन आणि काचेतून आरपार जातो, बाहेर बाल्कनीत काही हललं, पंखा फिरला तरी तो अर्धा पेटलेलाच. आणि इकडे हलणारा गरम पडदा तर दोघांनाही दिसतो. गॅरेज, पोटमाळा, जिथे तापमान सारखं खालीवर होतं तिथे ड्युअल जरूर घ्या, पण चुकीच्या भिंतीवर महागडा सेन्सर लावून उपयोग नाही.

सोल्डरगन:
एक साधी टेस्ट सांगतो, याने निम्मा गोंधळ मिटतो. लेन्सवर ॲल्युमिनियम फॉइल किंवा जाड पुठ्ठा चिकटवा आणि सिस्टिम आर्म म्हणजे पहाऱ्यावर चालू करून ठेवा. फॉइल फक्त लेन्सपुरतं हां, अख्ख्या सेन्सरला गुंडाळलं तर त्याचं रेडिओ सिग्नलच अडेल. काळी प्लास्टिकची पिशवी लावू नका, बघायला ती अपारदर्शक पण पॉलिथिनमधून हे इन्फ्रारेड मस्त जातं, सेन्सरची लेन्सच पॉलिथिनची असते. आता झाकलेला असताना शांत राहिला तर भानगड खोलीत आहे. झाकलेला असूनही वाजला तर भानगड आत आहे: बॅटरी उतरलेली, शेजारी वायफाय राउटर, नाहीतर केबलच्या भोकातून किडा आत शिरलाय. किडा सेन्सरच्या इतका जवळ असतो की त्याचा आकार माणसाएवढा वाटतो. कव्हर उघडून साफ करा, भोकं सिलिकॉनने बुजवा, आतल्या छोट्या सेन्सरच्या खिडकीला बोट लावू नका. ज्या सेन्सरला अँटीमास्किंग (कोणी झाकलं तर ओळखायची सोय) आहे तो झाकल्यावर फॉल्ट दाखवेल, त्याला घाबरू नका.

अजून एक, बरेच वायरलेस सेन्सर बॅटरी वाचवायला एकदा पकडलं की दोन-तीन मिनिटं झोपतात. टेस्ट करताना वॉक टेस्ट मोड (न झोपता प्रत्येक हालचालीला एलईडी पेटवणारा) लावा नाहीतर तुम्ही नाचाल आणि तो ढिम्म.

झोपमोड:
सगळ्यांना धन्यवाद! हॉलचा काचेच्या दाराच्या भिंतीवर हलवला, मीडियमवर आहे, भरपूर ऊन असतानाही शांत आहे आणि मी पण लगेच सापडतो. पॅसेजवाला फॉइल लावल्यावर गप्प होता म्हणून जुना मोबाइल रात्रभर रेकॉर्डिंगला लावला. मांजरच आहे! रात्री रॅकच्या सगळ्यात वरच्या फळीवर चढते, सेन्सरच्या नाकासमोरून चालत जाते आणि तिथून उडी मारते. मग ते २५ किलो पेट इम्यून म्हणजे नुसती जाहिरात का?

लॉगवाला:
जाहिरात नाही पण अर्धं वाक्य आहे. ते वजन जमिनीवर चालणाऱ्या प्राण्यासाठी. लेन्सच्या खालच्या पट्ट्या किंवा आतलं सॉफ्टवेअर त्या हिशोबाने असतं. फळीवर चढली की ती थेट मुख्य पट्टीत आणि हाताच्या अंतरावर, सेन्सरला ती माणसाएवढीच. किलो वगैरे सेन्सरला काही कळत नाही.

झोपमोड:
रॅक हलवता येत नाही. लेन्सचा तेवढा भाग झाकला तर चालेल?

जुना टेक्निशियन:
चालेल, पण बेतानं. वॉक टेस्ट लावून हात रॅकच्या वरच्या फळीवरून फिरवा, एलईडी कुठे कुठे पेटतो बघा. लेन्सची डावी बाजू डावीकडचं बघते, वरची ओळ लांबचं, खालच्या ओळी जवळचं आणि खालचं. बॉक्समध्ये मास्किंगचे स्टिकर आले असतील तर ते, नाहीतर ॲल्युमिनियमची टेप, लेन्सच्या आतल्या बाजूने. मग परत चालून बघा की पॅसेजच्या दोन्ही टोकांना तुम्ही सापडताय. नाही सापडलात तर टेप काढा आणि सेन्सर समोरच्या भिंतीवर न्या, दुसरा मार्ग नाही. तोपर्यंत रात्री होम मोडमध्ये (आपण घरात असतानाचं सेटिंग) पॅसेजचा झोन बायपास करा, म्हणजे तेवढा सेन्सर वगळा, दारं-खिडक्यांचे सेन्सर चालू आहेतच, हवं तर काच फुटल्याचा आवाज ओळखणारा एक सेन्सर वाढवा, त्याला मांजर चालते.