उदगीरच्या वाड्यातलं सागवानी कपाट: किती जुनं, कुणी घडवलं?

माळवद_उदगीर

नमस्कार मंडळी. आमचा उदगीरचा माळवदाचा (मातीच्या सपाट छताचा) वाडा पावसाळ्याआधी उतरवायलोय. ढाळजेमागच्या (दारालगतच्या बैठकीच्या ओसरीमागच्या) खोलीत आजीचं सागवानी कपाट आहे. दोन पल्ले, उजव्याला आरसा, खाली दोन ड्रॉवर, वर कंगोरा काढलेली पट्टी. आजी लग्नात आली तेव्हापासून ते घरात होतं, एवढंच मोठी माणसं सांगतात.

जुन्या सामानाचे एक व्यापारी बघून गेले. "१५० वर्षांचं निजामकालीन आहे," म्हणायलेत. कुलपाच्या पट्टीवर इंग्रजीत "मेड इन इंग्लंड" आहे, कंपनीचं नाव नाही. मागच्या फळीवर आतून शिसपेन्सिलीने उर्दूत चार आकडे लिहिलेत. पहिला उभी रेघ, शेवटचा उलट्या पिंपळपानासारखा, आणि पुढे एक अक्षर. आमच्यात आता उर्दू कुणालाच वाचता येत नाही.

चुलतभाऊ म्हणतो, आधी घासून पॉलिश करू, मग भाव चांगला येईल. विकायचं की नाही तेच ठरलेलं नाही. वय कसं काढायचं, आणि घडवणारा कोण हे कळू शकतं का?

रंधा_पटाशी (लातूर)

दादा, सगळ्यात आधी पॉलिश पेपर भावाच्या हातातून काढून घ्या. कपाटाचं वय बाहेरून दिसत नाही, ते आत आणि पाठीमागे असतं. सुताराने जिथे रंधा मारायचा कंटाळा केला, तिथेच त्याच्या करवतीच्या खुणा राहतात. त्या एकदा घासल्या की कुणीच काही सांगू शकत नाही. माझ्या वडिलांचं सुतारकाम होतं, मी दुरुस्तीचं करतो. चांगली कपाटं सॅंडरखाली गेलेली बघितली की जीव तुटतो.

ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून उलटे करा. पुढची फळी आणि बाजूची फळी जिथे एकमेकींत अडकते तिथे डव्हटेल, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखे पसरट दाते, असतील. ते एकसारख्या मापाचे, छापल्यासारखे असले तर मशीनचे. थोडे कमीजास्त असले आणि मुळाशी आखणीची बारीक रेघ राहिली असली तर हातचे. बाजूच्या फळीची खालची कड बघा. वर्षानुवर्षं ओढून ती झिजते, आणि पुढच्या टोकाला व मागच्या टोकाला सारखी झिजत नाही. असली झीज खोटी करणं सोपं नाही.

मग पाठीच्या फळ्या. दोघांनी ओढायच्या करवतीच्या रेघा सरळ पण कमीजास्त अंतराच्या, थोड्या तिरक्या येतात. गोल चकतीच्या करवतीच्या रेघा कमानीसारख्या वळतात. कमानी दिसल्या म्हणजे लाकूड गिरणीत कापलेलं. पाठीला प्लायवूड असेल तर एक तर ती नंतर बदलली, नाही तर कपाट फार जुनं नाही.

पल्ल्यातलं पॅनल चौकटीच्या खाचेत मोकळं बसवलेलं असतं. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसतं. म्हणून जुन्या पॅनलच्या दोन्ही बाजूंना बिनपॉलिशची फिकट पट्टी उघडी पडते. पॉलिश केलं त्या दिवशी ती खाचेत लपलेली होती. ही पट्टी मी सगळ्यात आधी बघतो.

बिजागरीचा एक स्क्रू काढा. डोक्यावर एकच आडवी खाच हवी. अधिक चिन्हाच्या खाचेच्या स्क्रूचं पेटंट अमेरिकेत १९३६ चं, आपल्याकडे तो त्यानंतर बराच उशिरा आला. तसला स्क्रू निघाला तर तेवढी बिजागरी दुरुस्तीतली समजा.

कुलपाचं म्हणाल तर ब्रिटनने १८८७ मध्ये व्यापारचिन्हांचा कायदा केला, त्यानंतर मालावर देशाचं नाव घालायची पद्धत रूढ झाली. १५० वर्षं म्हणजे त्याच्याही आधी गेलो. अर्थात कुलूप बदललेलंही असू शकतं. पट्टीच्या आसपास बुजवलेली जुनी भोकं आहेत का, चाचपून बघा. आणि "निजामकालीन" यावर काही ठरवू नका. निजामांचं आसफजाही राज्य १७२४ पासून १९४८ पर्यंत होतं, एवढ्या मोठ्या काळात काहीही बसतं.

कचेरी_नांदेड

महसूल खात्यात नोकरी झाली, मोडी आणि उर्दू दोन्ही दप्तरं हाताळली आहेत. उलट्या पिंपळपानासारखा आकडा म्हणजे ५. उभी रेघ म्हणजे १. मधले दोन फोटोवरून सांगतो, पण मुख्य प्रश्न पुढच्या अक्षराचा आहे. डोक्यावर एक टिंब असलेलं अक्षर "फे" असेल तर सन फसली, म्हणजे महसुली वर्ष. दोन डोळ्यांसारखी गाठ असेल तर हिजरी. हैदराबाद संस्थानात सरकारी कारभार फसलीवर चाले. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतं. फसली वर्ष ऑक्टोबरात बदलायचं, म्हणून दोन इसवी वर्षं लिहावी लागतात. हिजरी वर्ष चांद्र, त्याला ही बेरीज चालत नाही.

आणखी एक लक्षात घ्या. तेव्हा उदगीर बिदर जिल्ह्यात होतं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते उस्मानाबादला आलं, आणि लातूर जिल्हा तर १९८२ चा. त्यामुळे घरात जुनी पावती, हाली शिक्क्यातला (निजामाच्या नाण्यांतला) हिशोब असं काही असेल तर त्यावर जिल्हा बिदर असेल. कपाट बाहेरून आलं असं समजू नका.

माळवद_उदगीर

फोटो टाकलेत. टिंबवालंच अक्षर आहे. ड्रॉवरचे डव्हटेल कमीजास्त आहेत, आखणीची रेघही आहे. फिकट पट्टी दोन्ही पल्ल्यांना दिसली, डाव्याला जास्त. स्क्रू एकखाचीच, फक्त आरशाच्या पल्ल्याच्या खालच्या बिजागरीला अधिकवाले.

कचेरी_नांदेड

१३४५ फसली. म्हणजे १९३५-३६. हिजरी असतं तर १९२६-२७ निघालं असतं, एका टिंबाने नऊ वर्षांचा फरक पडला.

रंधा_पटाशी (लातूर)

छान निघालं. पण आकडा फक्त त्या फळीचा आहे, खोक्याची जुनी फळीही पाठीला लावत असत. म्हणून ड्रॉवरच्या पाठीवर पेन्सिलीच्या एक-दोन रेघांच्या जुळणीच्या खुणा आहेत का बघा. फळीची आणि त्या खुणांची पेन्सिल, हात सारखा वाटला तर १९३६ च्या सुमाराचं कपाट म्हणायला मी तयार आहे. बाकीच्या खुणा त्याच्या आड येत नाहीत. नव्वद वर्षांचं म्हणून व्यापाऱ्याने किंमत पाडली तरी मनाला लावून घेऊ नका.

लाकूड कुठलं, हे मी नुसत्या फोटोवरून सांगणार नाही. आदिलाबादचं जंगल संस्थानातच होतं, किनवट तालुकाही १९५६ पर्यंत त्याच जिल्ह्यात. ब्रह्मदेशचा सागही १९४२ च्या जपानी स्वारीपर्यंत इकडे येत होता. "बर्मा टीक" म्हणून कुणी जास्त सांगितलं तर पुरावा मागा.

आता घडवणारा. मुंबईचे विम्ब्रिज, कलकत्त्याचे लाझारस, मद्रासचे देशां यांच्यासारख्या कंपन्या मालावर नाव घालत. पितळी चकती किंवा ठसा ड्रॉवरच्या वरच्या कडेला, पल्ल्याच्या आतल्या बाजूला सापडतो. तिथे काही नसेल तर ते बहुतेक इकडच्याच सुताराचं. आपल्याकडे बलुतेदार सुतार नाव कोरत नसे, म्हणून नाव मिळण्याची आशा कमी. हात मात्र ओळखता येतो, आणि तुमच्याकडे त्यासाठी थोडेच दिवस आहेत. वरच्या पट्टीचा कंगोरा गोला-गलत्याच्या (फुगीर आणि खोलगट गोलाईच्या) रंध्याने काढलेला असतो. हे रंधे सुतार स्वतःच घडवायचे, पातंही स्वतःच घासून आकारात आणायचे. दोन सुतारांचा गलता तंतोतंत जुळणं अवघड. तुमच्या वाड्याच्या दारांच्या चौकटी, ढाळजेचे खांब, तुळयांच्या कडा यांवर तसाच कंगोरा असेल तर वाडा ज्याने केला त्याच घरचं कपाट.

मजूर यायच्या आधी कपाटाच्या पट्टीच्या कापलेल्या टोकाला जाड कागद लावून पेन्सिलीने आकार उतरवून घ्या. तोच कागद कापून एकेका चौकटीवर धरून बघा. जुळला तर ती चौकट भंगारात देऊ नका, निदान हातभर तुकडा कपाटाबरोबर ठेवा. वाड्याचं काम कोणत्या सुताराच्या घरी होतं हे गल्लीत एखाद्याला आठवत असेल, तेही आत्ताच विचारा.

साफ करायचं तर फक्त बाहेरून, कोरड्या मऊ फडक्याने. जुनं पॉलिश चपड्याचं (लाखेचं) असतं, स्पिरिट लावलं की सुटतं. उजव्या पल्ल्याची बिजागरी ढिली असेल तर हलवायच्या आधी आरसा काढून वेगळा न्या.