नकळत टिपलेल्या छायाचित्रांतील कलेचे श्रेय कोणाचे?

प्रश्न : दांडियाबाजारकर, बडोदे

नमस्कार. प्रसिद्ध व्यक्तींची, त्यांचे लक्ष नसताना काढलेली काही छायाचित्रे इतकी रेखीव असतात की जुन्या तैलचित्राशेजारी लावली तरी उणी वाटू नयेत. लक्ष्मीविलास राजवाड्यातील राजा रविवर्मा यांची चित्रे पाहताना हातांची ठेवण, वळलेली मान, वस्त्राच्या चुण्या हे सारे चित्रकाराने योजून आणले आहे, हे उमगते. पण धावपळीत टिपलेल्या छायाचित्रात तशीच ठेवण, कोणीही योजलेली नसताना, येते कुठून? आणि तिचे श्रेय छायाचित्रकाराला द्यावे की योगायोगाला?

उत्तर : छायाप्रकाश

यात साधनांचा वाटा मोठा आहे. अंतर दुप्पट झाले की फ्लॅशचा प्रकाश चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून रात्री हॉटेलच्या दाराशी दोन मीटरवरचा चेहरा उजळून निघतो आणि सहा मीटरवरची भिंत, जिच्यावर जेमतेम नववा हिस्सा पोहोचतो, काळोखात जाते. गडद काळोखातून उजळलेले चेहरे रंगवणारा इटालियन चित्रकार काराव्हाज्जो, त्याच्या चित्रांची आठवण होते ती या काळोखामुळे. मात्र समोरून आलेला प्रकाश चेहरा सपाट करतो. त्याच क्षणी शेजारच्या छायाचित्रकाराचा फ्लॅश बाजूने पेटला, तरच गालावर खरी छाया उतरते, आणि मला विचाराल तर योगायोग म्हणावा तो एवढाच.

उत्तर : सयाजीगंज

बडोद्यात हा प्रश्न निघाला असताना होमाई व्यारावाला यांचे नाव यायलाच हवे. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ज्यांची ओळख आहे, त्या होमाईंचे उत्तरायुष्य याच शहरात गेले आणि जानेवारी 2012 मध्ये त्यांचे निधनही येथेच झाले. विमानात पंडित नेहरू ब्रिटिश उपउच्चायुक्तांच्या पत्नीची सिगारेट पेटवून देत आहेत, हे त्यांचे छायाचित्र अवश्य पाहावे. नेहरूंच्या स्वतःच्या ओठांतही सिगारेट आहे, दोन्ही चेहरे जवळ आले आहेत, आणि पाहणाऱ्याची नजर आपोआप त्या दोघांमधल्या हातांवर जाऊन थांबते. पंतप्रधानांची इतकी निवांत मुद्रा मांडून बसवलेल्या छायाचित्रात मिळाली नसती.

त्या वापरत असलेल्या कॅमेऱ्यांचाही विचार करावा. स्पीड ग्राफिकच्या एका होल्डरमध्ये दोनच फिल्म बसत. एक क्षण टिपला की पुढची फिल्म लावायची, जळालेला फ्लॅशबल्ब बदलायचा, आणि तोवर समोरचे दृश्य मोडलेले असायचे. रोलायफ्लेक्समध्ये एका रोलवर बारा छायाचित्रे निघत. अशा वेळी बटण कधी दाबायचे नाही, हे ज्याला कळते त्यालाच क्षण सापडतो. म्हणून मी श्रेय निःसंशय छायाचित्रकाराला देईन. आजचा कॅमेरा एका सेकंदात वीस चित्रे घेतो, तेव्हा ही पारख नंतर, निवड करताना लागते. पण ती लागतेच.

उत्तर : विश्वामित्रीकाठ

वरील मताशी मी बव्हंशी सहमत आहे, तरी एक वाटेकरी राहून गेला. प्रसिद्ध व्यक्तींचा पाठलाग करून छायाचित्रे काढणारे अमेरिकी छायाचित्रकार रॉन गॅलेला यांनी 7 ऑक्टोबर 1971 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर टॅक्सीतून अमेरिकेचे दिवंगत अध्यक्ष केनेडी यांच्या पत्नी जॅकलीन केनेडी ओनासिस यांचे जे छायाचित्र टिपले, त्यात त्या हॉर्नच्या आवाजाने वळल्या आहेत, केस वाऱ्याने चेहऱ्यावर आले आहेत आणि ओठांवर स्मित नुकतेच उमटू लागले आहे. ते स्मित गॅलेलांचे नाही, योगायोगाचेही नाही. ते जॅकलीन यांचे स्वतःचे आहे. आणि पुढच्याच वर्षी न्यायालयाने गॅलेला यांना त्यांच्यापासून अंतर राखण्याचा आदेश दिला, हेही त्या छायाचित्राबरोबर सांगितले गेले पाहिजे. चित्र सुंदर आहे म्हणून पाठलाग क्षम्य ठरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सयाजीगंज

हे मान्य. होमाईंनी 1970 च्या सुमारास कॅमेरा कायमचा खाली ठेवला, त्यामागे नव्या छायाचित्रकारांच्या वर्तनाविषयीची त्यांची नाराजी होती. छायाचित्रकार, योगायोग आणि चित्रातली व्यक्ती असे वाटेकरी तीन धरावेत, आणि तिसऱ्याचा मान आधी राखावा.