मार्टिन ल्यूथरचे मूल्यमापन कसे मांडावे?

प्रश्न: बडोद्यातील आमच्या वाचनमंडळात मला जर्मन धर्मसुधारक ल्यूथरवर बोलायचे आहे. १५१७ मध्ये पापमुक्तीपत्रांच्या (पापांची शिक्षा माफ करणाऱ्या चर्चच्या पत्रांच्या) विक्रीविरुद्ध उभा ठाकलेला आणि १५२२ मध्ये बायबलचा नवा करार जर्मन भाषेत आणणारा हा माणूस १५४३ च्या पुस्तिकेत ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळण्यास सांगतो. या दोन्ही बाजूंना एकाच व्याख्यानात न्याय कसा द्यावा?

उत्तर १: ज्यूंविषयीचे लेखन शेवटच्या पाच मिनिटांत उरकू नका. घरे पाडावीत, धर्मग्रंथ काढून घ्यावेत, रब्बींना (ज्यू धर्मगुरूंना) शिकवण्यास मनाई करावी, असा तपशीलवार सल्ला त्या पुस्तिकेत राज्यकर्त्यांना दिलेला आहे. ‘काळच तसा होता’ ही सबब मला मुळीच पटत नाही, कारण १५२३ मध्ये, धर्मांतराच्या आशेने का होईना, ज्यूंना सौजन्याने वागवावे असे त्यानेच लिहिले होते.

उत्तर २: सहमत आहे. १५२५ च्या शेतकरी उठावात बंडखोरांना ठार करा, असे त्याने सरदारांना सांगितले, तेही यावे. मात्र १५२४ मध्ये नगरपरिषदांनी शाळा काढाव्यात, मुलींनाही शिकवावे, असा आग्रह त्याने धरला होता, आणि सयाजीरावांनी सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केलेल्या बडोद्यात ही बाजू श्रोत्यांना विशेष भिडेल.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. १५२३ आणि १५४३ चे लेखन शेजारीशेजारी ठेवूनच मांडणी करतो.