मुरगळलेल्या घोट्याला रंगीत टेप: आधार की नुसतं समाधान?

मैदानकर
दहीहंडीचा सराव रंगात आला की लालबाग-परळच्या गल्ल्यांत आणि शिवाजी पार्कवर घोट्यांना निळ्या-गुलाबी पट्ट्या दिसायला लागतात. काइनेसिओलॉजी टेप. मुरगळलेल्या पायाला हिचा आधार मिळतो असं धरून पोरं दोन-तीन दिवसांत पुन्हा उभी राहतात. माझं म्हणणं असं की ही टेप घोटा धरून ठेवत नाही, आणि धरते असं समजून खेळणं धोक्याचं आहे.

मुरगळताना पाय आत वळतो, सगळा भार करंगळीकडच्या कडेवर येतो आणि बाहेरच्या घोट्याच्या जरा पुढचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा चिवट पट्टा, सगळ्यात आधी ताणतं किंवा फाटतं. पापणी लवायच्या आत. ही टेप सुती कापडात लवचीक धागा विणून केलेली असते, जवळजवळ दीडपट ताणली जाते. केन्झो कासे या जपानी कायरोप्रॅक्टरने १९७०च्या दशकात ती काढली तीच सांध्याची हालचाल मोकळी राहावी म्हणून. ती अंगाचा भार कसा अडवणार? अडवायचं असेल तर न ताणणारी पांढरी झिंक ऑक्साइड टेप नाहीतर लेसचा ब्रेस, म्हणजे घोट्याभोवती लेसने आवळायचं आधाराचं वेष्टन. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळू नये यासाठी या दोघांचा उपयोग अभ्यासांत दिसलेला आहे. रंगीत टेपबद्दल तसं छातीठोक सांगता येत नाही.

पोटरी_टाच
मैदानकर, भार अडत नाही हे मान्य. पण तेवढ्यावरून टेप निकालात काढणं पटत नाही. पाय मुरगळल्यावर लिगामेंटबरोबर पाऊल नेमकं कुठे आहे हे कळण्याची जाणीवही मंदावते. त्वचेवरचा ओढा लक्ष तिकडे ठेवतो, दुखणं थोडं सुसह्य होतं आणि माणूस लंगडणं सोडून नीट पाऊल टाकतो. शिवाय तुमची पांढरी टेप खेळायला लागल्यावर २०-३० मिनिटांत बरीच सैल पडते, आणि नवख्याने गोल गोल आवळली तर बोटं सुजतात ते वेगळंच.

खरी अडचण अशी की लोक ती चुकीची लावतात. ५ सेंमी रुंदीच्या दोन पट्ट्या पुरतात. पाय साबणाने धुऊन खडखडीत कोरडा करायचा, तेल किंवा बाम अजिबात नको, केस दाट असतील तर कातरायचे. पट्टीचे कोपरे गोल कापायचे. पाऊल नडगीशी काटकोनात ठेवायचं, ढिलं सोडायचं नाही. पहिली पट्टी आतल्या घोट्याच्या साधारण १० सेंमी वरून खाली, टाचेखालून, मग बाहेरच्या बाजूने तेवढीच वर. दिशा आतून बाहेर हीच, म्हणजे ओढ पाऊल आत वळण्याच्या उलट बसते. मधल्या भागाला जितका ताण देता येतो त्याच्या निम्मा. दुसरी पट्टी पावलाच्या कमानीपासून तळव्याखालून बाहेर, तिथून घोट्याच्या पुढून तिरकी नडगीच्या आतल्या बाजूला, ताण त्याहून कमी. दोन्ही पट्ट्यांची शेवटची ४-५ सेंमी अजिबात न ताणता टेकवायची. मग तळहाताने चोळायचं, कारण गोंद उबेने धरतो. घाम येण्याआधी किमान अर्धा तास जाऊ द्या.

मैदानकर
टोकं न ताणण्याचं तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. बहुतेक जण शेवटपर्यंत खेचून चिकटवतात, टोक मागे ओढ घेतं आणि तिथेच फोड येतो. पण लंगडणं थांबलं म्हणजे लिगामेंट भरलं असं नव्हे. दुखणं कमी झालं की माणूस पाचव्या दिवशी थरात उभा राहतो. मी विरोध करतोय तो याला.

ओव्हलची_धाव
टेप पुण्यात तीन-चार दिवस टिकेल, आपल्याकडे पावसाळ्यात दुसऱ्या दिवशीच कडा उचलतात. घामट मोजा, ओला बूट आणि टाचेखालचं घर्षण, तिन्ही एकदम. उचललेली कड कातरून टाका, ओढू नका. अंघोळीनंतर टॉवेलने टिपा, हेअर ड्रायर मारू नका, गोंद आणखी घट्ट बसतो. काढताना तेल चोळून थांबा, मग केसांच्या दिशेने, एका हाताने त्वचा दाबत हळूहळू. खाज किंवा पुरळ आलं तर लगेच काढा. मधुमेहाने ज्यांच्या पायाची संवेदना कमी झालीय त्यांनी स्वतःच्या मनाने लावूच नये, खाली फोड झाला तरी कळत नाही.

हाडवैद्यक
टेप कुठली, याच्या आधीचा प्रश्न सगळ्यांनी सोडला. हाड मोडलंय का? १९९२ साली कॅनडातल्या ओटावामध्ये तयार झालेले नियम आजही वापरतात. घोट्याच्या भागात दुखत असेल आणि आतल्या किंवा बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कड टोकापासून वर ६ सेंमीपर्यंत दाबून दुखली, तर एक्स-रे. पावलाच्या मधल्या भागात दुखत असेल तर करंगळीच्या रेषेतल्या हाडाचा फुगीर बुंधा किंवा कमानीवरचं नॅव्हिक्युलर हाड दाबून बघायचं. आणि मुरगळल्यावर लगेच आणि तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत, तरी एक्स-रे. लंगडत टाकलेलं पाऊलही पाऊलच धरायचं. हे न बघता टेप लावली तर फ्रॅक्चरवर रंगीत कापड चिकटवलं, एवढंच.

पोटरी_टाच
डॉक्टर, शंभर टक्के. आणि पुढचं मी लिहिते, कारण टेप असो की ब्रेस, घोटा भक्कम होतो तो व्यायामाने. सूज उतरायला लागली की रबर बँड लावून पाऊल बाहेर वळवणं, १५ चे तीन संच. भिंतीला बोटं टेकवून टाचा उचलणं, आधी दोन्ही पायांवर, मग एकावर. एका पायावर ३० सेकंद, जमलं की डोळे मिटून. टेप या दिवसांसाठी आहे, असं मी म्हणतेय. सामन्याच्या दिवसासाठी ब्रेसच घाला, त्यात वाद नाही.

मैदानकर
मग गोविंदांचं काय, ताई? ते अनवाणी चढतात. ब्रेसच्या लेस खालच्याच्या खांद्याला काचतात, आणि तळव्याखालून गेलेली कापडी पट्टी भिजल्या टी-शर्टवर घसरते. म्हणजे दोन्ही बाद.

पोटरी_टाच
दोन्ही बाद असतील तर ज्याला दुखऱ्या पायावर सलग २० वेळा टाच उचलता येत नाही आणि न डगमगता एका पायावर उड्या मारता येत नाहीत, त्याला यंदा वरच्या थरात घेऊ नका. खालच्या थरात बूट-ब्रेस घालूनही नको, तिथे सगळ्यांचा भार असतो. दोरी सांभाळायला ठेवा. हे पथकाच्या प्रशिक्षकाने ठरवायचं, त्या मुलावर सोपवायचं नाही.