मदत हवी आहे: ताईचं नाव डीबीएसच्या बार्ड लिस्टमध्ये गेलंय, अपर ट्रायब्युनलच्या अपिलाचा अनुभव कोणाला आहे का? इंग्लंड

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण प्लीज पूर्ण वाचा. माहीत नसेल त्यांच्यासाठी, डीबीएस म्हणजे इथे नोकरीसाठी माणसांची पार्श्वभूमी तपासणारी सरकारी संस्था, तिच्या बार्ड लिस्टमध्ये नाव गेलं की मुलांना सांभाळायचं, शिकवायचं काम करायला बंदी, आणि त्यावरचं अपील अपर ट्रायब्युनल हे न्यायाधिकरण ऐकतं.

माझी मावसबहीण मूळची सांगलीची, तिकडे बालवाडीवर होती, इथे इंग्लंडमध्ये येऊन ९ वर्षं झाली आणि त्यातली ६ एका नर्सरीत. मागच्या वर्षी मुलं बाहेर खेळत असताना फाटक उघडं राहिलं, साडेतीन वर्षांचा एक मुलगा रस्त्याकडे पळत सुटला, ताईने धावत जाऊन त्याचा दंड धरला आणि त्याला आत आणलं. दंडावर वळ उठला. आईवडिलांनी तक्रार केली, जे साहजिकच आहे, माझं मूल असतं तर मीपण केली असती.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये ताई घाबरून म्हणाली आय ॲम सॉरी, आय कॉट हिम, माय मिस्टेक. आपण घरात म्हणतो ना, चुकलं माझं, फाटकाकडे माझं लक्ष हवं होतं, तसं. मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या नोंदीत, लिहिलं गेलं की रागात मुलाला ओढल्याचं आणि गरजेपेक्षा जास्त जोर लावल्याचं तिने मान्य केलं. पोलिसांनी चौकशी करून केस पुढे नेली नाही, पण नोकरी गेली, आणि अशा कारणावरून काढलं की मालकाला डीबीएसला कळवावंच लागतं, तो कायदाच आहे २००६ चा, सेफगार्डिंग व्हल्नरेबल ग्रुप्स ॲक्ट.

मग नाव लिस्टमध्ये टाकायचा विचार आहे, तुमचं म्हणणं ८ आठवड्यांत द्या असं डीबीएसचं पत्र आलं. तिने आम्हाला कुणालाच सांगितलं नाही!! लाज वाटली म्हणे. एकटीने बसून दोन पानं लिहिली, त्यात चार वेळा सॉरी आणि परत तेच, आय कॉट हिम. समोर कागद तसे गेले आणि निर्णयही तसाच आला. निर्णयाचं पत्र निघून आज २३ दिवस झाले.

मी वाचलं त्यावरून पत्र पाठवल्याच्या तारखेपासून ३ महिन्यांत अपर ट्रायब्युनलकडे जायचं, आधी परवानगी मागायची, आणि मुद्दा दोनच प्रकारचा चालतो, कायद्याची चूक किंवा वस्तुस्थितीची चूक. बार करणं योग्य होतं का हा प्रश्न तिथे नुसता विचारता येत नाही. मला विचारायचंय ते हेच, की तिने 'मान्य केलं' हीच वस्तुस्थितीची चूक आहे असं म्हणता येईल का? भाषेमुळे अर्थ बदलला हे कोणी मांडून बघितलंय का? पोलिसांनी सोडलं त्याचा उपयोग होतो का? आणि वकिलाशिवाय जमतं का, कारण भावजींच्या एकट्याच्या पगारावर घर चाललंय.

दर रविवारी ती मराठी शाळेत बालवर्ग घ्यायची. तेही बंद केलंय तिने. मुलं विचारतात मावशी कधी येणार.

प्रतिसाद १

ताईंना सांगा, धीर धरा. मी वकील नाही, पण अशा एका अपिलात नातेवाईकासोबत शेवटपर्यंत होतो.

पोलिसांनी सोडलं यावर फार भिस्त ठेवू नका. फौजदारी कोर्टात संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं, इथे घडलं असण्याची शक्यता जास्त आहे एवढं पुरतं. भाषेचा मुद्दा मात्र नक्की मांडा. डीबीएससमोर नसलेला पुरावासुद्धा ट्रायब्युनल बघू शकतं. एक जज आणि दोन तज्ज्ञ सदस्य बसतात आणि ताईंना स्वतः बोलता येतं. डीबीएस विरुद्ध आरआय हा २०२४ चा कोर्ट ऑफ अपीलचा निकाल वाचा, त्यात आरआय (नाव गुप्त ठेवून फक्त आद्याक्षरं दिलेल्या) बाईंनी आरोप नाकारला होता, ट्रायब्युनलने त्यांना समोर ऐकून त्यांच्यावर विश्वास ठेवला आणि वरच्या कोर्टाने ते उचलून धरलं.

म्हणून ताईंचा जबाब आधी मराठीत लिहून घ्या, त्या दिवशी काय झालं, कुठे उभ्या होत्या, कसा धरला, सगळं, मग नीट भाषांतर. दुभाषा लागेल हे सुरुवातीलाच कळवा. नर्सरीकडे ताईंच्या नावाची सगळी कागदपत्रं मागा, सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट म्हणतात, साधारण महिन्याभरात द्यावी लागतात. स्वभाव चांगला आहे अशी वीस पत्रं गोळा करण्यात वेळ घालवू नका, फाटक उघडं होतं हे सांगणारा एक माणूस शोधा. लीगल एड या प्रकाराला मिळू शकते, उत्पन्न आणि केसचा दम दोन्ही बघतात, उद्याच फोन करा.

प्रतिसाद २

रविवारची शाळा बंद केली ते योग्यच केलं. फुकट शिकवलं तरी दर आठवड्याला मुलांचा वर्ग घेणं हे बार्ड माणसासाठी गुन्हा ठरू शकतं, ५ वर्षांपर्यंत तुरुंग आहे, आणि अपील चालू असलं तरी नाव लिस्टमध्येच राहतं. घरातल्या, नात्यातल्या मुलांना सांभाळायला हरकत नाही, तेवढं ताईला सांग, कारण माझ्या ओळखीतली एक जण भीतीने भाचीला पण जवळ घेईना.

अपील सोडू मात्र नका. २५ च्या पुढच्या वयाला एरवी फेरविचार मागायला १० वर्षं थांबावं लागतं, नवी माहिती वगैरे असेल तरच आधी.

मूळ धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार, भाचीचं वाचून रडूच आलं. ताईशी आत्ताच बोलले. फाटकाचं कुलूप आधीपासून बिघडलेलं होतं आणि तिने ते ग्रुपवर टाकलं होतं म्हणाली, जुन्या फोनमध्ये असेल. फोन शोधतोय. शनिवारी तिच्याकडे जाऊन मराठीत लिहून घेते. मिडलँड्समध्ये मराठी-इंग्रजी प्रमाणित भाषांतर करणारं कोणी माहीत असेल तर प्लीज व्यनि करा, फी देऊ.