मदत हवी आहे: चार लॅपटॉपांवरच्या ऑर्डरी एका डेटाबेसमध्ये (अर्जंट!!)

टॉवेलवाला_सोलापूर: चार सेल्समन बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, विजयपूर करतात. रेंजचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येकाकडे डेटाबेसची कॉपी. रात्री ऑफिसात मुख्य फाइलीत टाकतो. काल पंढरपूरचे ४० डझन टॉवेल बार्शीच्या बिलात लागून बार्शीला गेले! शेठ तापलेत. काय करू?

बिनतारी: डेटाबेस कुठला? ‘टाकतो’ म्हणजे कसं?

टॉवेलवाला_सोलापूर: अ‍ॅक्सेस २०१३, अजून कुठला. अपेंड क्वेरी, म्हणजे लॅपटॉपवरच्या नोंदी मुख्य टेबलाला जोडायच्या.

जुनं_खोड: अ‍ॅक्सेसमध्ये रेप्लिकेशन, म्हणजे सगळ्या कॉपी आपोआप जुळवायची सोय, आहे की. आम्ही २००३ मध्ये वापरलंय, मस्त चालायचं.

बिनतारी: अण्णा, नव्या प्रकारच्या एसीसीडीबी फाइलीत ते कधी नव्हतंच, आणि २०१३ पासून तर काढूनच टाकलं. टॉवेलवाले, ऑर्डर नंबर ऑटोनंबर, म्हणजे आपोआप पडणारा, आहे का? अपेंड करताना काही मेसेज?

टॉवेलवाला_सोलापूर: हो, ऑटोनंबर. ‘काही रेकॉर्ड टाकता येत नाहीत, तरी चालवू का’ असं रोजच विचारतं. आम्ही यस दाबतो.

बिनतारी: तिथंच घात झाला राव! दोन्हीकडं ऑर्डर नंबर १०४३. बार्शीची ऑर्डर आधी गेली, पंढरपूरची नाकारली. पण तिचे आयटम वेगळ्या टेबलात, ते बार्शीच्या १०४३ ला चिकटले.

ढग_भक्त: अ‍ॅक्सेस फेका बे! काउचडीबी डेटाबेस लावा, सिंक आपोआप.

बिनतारी: सिंक आपोआप होतं, भांडण आपोआप मिटत नाही. दोघांनी एकच नोंद बदलली तर काउचडीबी एक पुढं करतो, दुसरी जपून ठेवतो. खरी कुठली, ते तुम्हीच ठरवायचं.

सुताची_गाठ: टॉवेल होलसेल देता का? २० डझन हवेत.

जुनं_खोड: शेवटी बदललेलं खरं धरायचं, एवढं सोपं आहे.

टॉवेलवाला_सोलापूर: अक्कलकोटवाल्याच्या लॅपटॉपच्या घड्याळाचा सेल गेलाय. चालू केला की तारीख १ जानेवारी.

बिनतारी: मग त्याचं कधीच ‘शेवटचं’ ठरणार नाही. असं करा: ऑर्डर ओळखायची ‘की’ दोन फील्डची, सेल्समनचा कोड आणि नंबर, म्हणजे बा-१०४३, पं-१०४३. आयटमच्या टेबलातही तीच. ऑर्डर पुसायची नाही, ‘रद्द’ खूण करायची. नाहीतर दुसऱ्या कॉपीतून ती परत येते. स्टॉकची शिल्लक आणू नका, आवक-जावक आणा. गिऱ्हाइकाचा पत्ता दोघांनी बदलला तर वेगळ्या यादीत टाका, माणसानं बघावं.

एक्सेलप्रेमी: एक्सेलच्या व्हीलुकअपनं डुप्लिकेट शोधता येतात.

टॉवेलवाला_सोलापूर: कोडचं आजच करतो. पण जुन्या ऑर्डरींत अजून किती चिकटल्या असतील?

बिनतारी: लॅपटॉपवरच्या जुन्या कॉपी आहेत ना?

टॉवेलवाला_सोलापूर: रोज सकाळी मुख्य फाइल त्यांच्यावर ओव्हरराइट करतो.