मुलींची फुटबॉलची सुरुवात: वेगळी बॅच की मुलांबरोबरच?

मैदानवाली
कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांची मॅच असली की गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते. त्याच पेठांतल्या आठ-नऊ वर्षांच्या पोरीला खेळायचं असेल तर तिला भावाच्या बॅचला जोडून देतात, आणि महिन्याभरात ती घरी बसते. माझं स्पष्ट मत आहे, नव्यानं सुरू करणाऱ्या मुलींना पहिले सहा महिने वेगळी बॅच हवी. मुलगे चार-पाच वर्षांचे असल्यापासून बोळात चेंडू लाथाडतात. पोरीच्या पायाला चेंडूची सवयच नसते. वीस जणांत एक चेंडू सोडला की तो ज्याला जमतो त्याच्याकडेच जातो. तासाभरात तिचा पाय पाच-सहा वेळा लागतो, बाकी वेळ ती कोपऱ्यात उभी. शेवटी कोच तिला गोलात उभी करतो आणि मुलांचे फटके अंगावर यायला लागले की चेंडूची भीती बसते. एकदा बसलेली भीती काढायला फार वेळ जातो.

लेफ्ट_विंग
रोग बरोबर ओळखलात, औषध पटलं नाही. वीस जणांत एक चेंडू हा कोचचा दोष, मुलग्यांचा नव्हे. साधारण 11-12 वर्षांपर्यंत ताकदीत आणि वेगात मुला-मुलींत फारसं अंतर नसतं, अंतर सवयीचं असतं. सवय चांगल्या खेळाडूंसोबत खेळूनच लागते. ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनच्या बेबी लीगमध्येही, म्हणजे लहानांच्या स्पर्धेत, मुलं-मुली एकाच संघात खेळू शकत होती. आणि वेगळी बॅच कागदावर छान दिसते हो, पण सात मुली नाव घालतात, पावसाळ्यात तिघी येतात, सराव रद्द. दोनदा रद्द झाला की पालक फी मागतात परत.

शाळेचा_पीटी
दोघंही चेंडूच्या आकाराचं बोलला नाहीत. भांडण तिथूनच सुरू होतं. शाळेत 5 नंबरचा चेंडू असतो, 410 ते 450 ग्रॅमचा, तो मोठ्यांचा. आठ वर्षांच्या आतल्या मुलीला 3 नंबर द्या, 8 ते 12 ला 4 नंबर. मोठ्या, टणक चेंडूला पायाच्या आतल्या बाजूनं मारलं की घोटा दुखतो, म्हणून पोरी बोटांनी ढकलायला शिकतात. ती खोड पुढे जाता जात नाही. हवाही तपासा. नियमातला 8.5 ते 15.6 पीएसआय दाब सामन्याच्या चेंडूसाठी आहे, लहानांना 6 ते 8 पुरे. पंपाची सुई ओली करूनच घाला, कोरडी घातली की व्हॉल्व्ह फाटतो.

बुटांचं असं की आपल्याकडची बरीच मैदानं कडक. त्यावर लांब स्टडचे (तळाला उंच खुंट्या असलेले) बूट घातले तर पाय डुगडुगतो, मुरगळतो. बारीक रबरी ठिपक्यांचे टर्फचे बूट घ्या, पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा सोडून. "पुढच्या वर्षी पण चालतील" म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका, टाच आत सरकते आणि फोड येतात. नडगीवरचे शिनगार्ड पहिल्या दिवसापासून, स्टॉकिंगच्या आत.

मैदानवाली
@लेफ्ट_विंग, कोचचा दोष म्हणालात, मग कोच बदलेपर्यंत मुलींनी काय करायचं? मुलींची बॅच तिघींवरही चालते. प्रत्येकीला एक चेंडू. पहिली पंधरा मिनिटं तळव्यानं मागे ओढणं, आतल्या-बाहेरच्या बाजूनं वळवणं, दोन्ही पायांनी. मग प्लास्टिकचे कोन ठेवून केलेल्या दोन-दोन मीटरच्या गेटमधून पास. मुली पुरेशा असतील तेव्हा शेवटची वीस मिनिटं दोन-दोन किंवा चार-चारचा सामना, गोलकीपर न ठेवता. रांगेत उभं करून शूटिंग नको, रांगेत पोरी गप्पा मारतात आणि पाय गार पडतात.

लेफ्ट_विंग
हेच सगळं मिश्र बॅचमध्ये करा की! 30 बाय 20 मीटरचं मैदान, चार-चार जण, प्रत्येक संघात दोन मुली. एकटी कधीच नको, एवढं तुमचं मान्य. पण "मुलीनं मारलेला गोल दोन धरायचा" असले नियम लावू नका. मग मुलगे पास देतात ते गुणांसाठी, आणि तिला ते कळतं. त्यापेक्षा जागा लहान करा, गर्दीत ती स्वतः चेंडू काढायला शिकेल.

घोटा_गुडघा
फिजिओथेरपीच्या बाजूनं एक. खरा प्रश्न 8 व्या वर्षाचा नाही, 12-13 व्या वर्षाचा आहे. वयात येताना उंची झपकन वाढते, मांडीची ताकद मागे राहते. उडी मारून उतरताना गुडघे आत वळतात आणि लिगामेंटवर (हाडं जोडून ठेवणाऱ्या पट्ट्यावर) ताण येतो. मुलींत ही दुखापत मुलग्यांपेक्षा जास्त होते. नॉर्वेतल्या 13 ते 17 वयाच्या फुटबॉलपटू मुलींवरचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. ठराविक 20 मिनिटांचा वॉर्म-अप करणाऱ्या गटात दुखापती सुमारे एक तृतीयांशानं कमी होत्या. त्यात धावणं, एका पायावर तोल, स्क्वॉट, दोन पायांवर मऊ उतरणं, पोटाचे व्यायाम एवढंच. खर्च शून्य. कोच नेमका हाच भाग घाईत उरकतात. आणि 10 वर्षांच्या आत हेडिंग, म्हणजे डोक्यानं चेंडू मारणं, नको. अमेरिकेच्या संघटनेनं त्या वयात ते बंदच केलंय.

मैदानवाली
याच वयात पोरींचा खेळ सुटतो, आणि ते फक्त गुडघ्यामुळे नाही. मैदानाजवळ स्वच्छतागृह नसतं. किट पांढऱ्या शॉर्टची असते, पाळीच्या दिवसांत ती घालायची म्हटलं की पोरगी "पोटात दुखतंय" सांगून घरी थांबते. शॉर्ट गडद रंगाची ठेवा. स्पोर्ट्स ब्राचं आईशी आधीच बोला, त्यासाठी कुणीतरी बाई मैदानावर हवी. वेगळी बॅच असली की हे सगळं आपोआप बोललं जातं.

लेफ्ट_विंग
12 नंतर वेगळा संघ, हे मीही म्हणतो. त्याआधी नाही.

शाळेचा_पीटी
वेळेचं बघा आता. सकाळची शाळा असलेल्या पोरींना पहाटेचा सराव झेपत नाही, संध्याकाळी सातनंतर घरचे सोडत नाहीत. 5 ते 6 ठेवा, आठवड्यातून तीनदा, आणि सहा म्हणजे सहाला सोडा.